अथेन्सच्या लोकांनी आपले ठराव दगडात का कोरले?

काळापाषाण

इ.स.पू. ४०३ मध्ये अथेन्समधली 'तीस जणां'ची जुलमी राजवट कोसळली आणि लोकशाही परत आली. त्यानंतर लवकरच थासोस बेटावरच्या एका कुटुंबाविषयी ठराव झाला. अपेमान्तोसचे पाच मुलगे: अमिन्तोर, युरिपिलोस, आर्गेइओस, लोक्रोस आणि अल्किमोस. त्यांना अथेन्सने पूर्वी 'प्रॉक्सेनोस' हा मान दिलेला होता. आपल्या गावात राहून अथेन्सच्या माणसांची बाजू सांभाळणाऱ्या परक्या मित्राला हा मान मिळे. ठरावाचा आशय असा की, त्यांचा मान ज्या शिळेवर कोरला होता ती तीस जणांच्या काळात पाडली गेली, म्हणून मंडळाच्या (सभेपुढचे विषय तयार करणाऱ्या समितीच्या) सचिवाने ती पुन्हा कोरून घ्यावी आणि खर्च युरिपिलोसने द्यावा.

मला इथेच प्रश्न पडतो. अथेन्समध्ये पपायरस होता. ठरावांच्या प्रती अगोरातल्या, म्हणजे शहराच्या बाजारचौकातल्या, जुन्या मंडळगृहात ठेवल्या जात. पुढे ही जागा मेत्रोओन म्हणून ओळखली गेली. मग एका परगावच्या माणसाला पदरचे पैसे घालून दगड पुन्हा का उभारावासा वाटला? आणि तीस जणांना तो पाडावासा का वाटला?

'टिकावं म्हणून कोरलं' हे उत्तर आपण सगळेच देतो. मला ते अपुरं वाटतं. टिकवायचंच असतं तर तळघरात नीट ठेवलेली प्रत पुरली असती. दगड अ‍ॅक्रोपोलिसवर, अगोरात, बंदरावर, चारचौघांत उभा केला जाई. मला वाटतं, तो दगड म्हणजे लोकांनी सर्वांदेखत दिलेला शब्द होता. देणाऱ्यालाही तो बांधून ठेवत होता. तुमचं मत वाचायला आवडेल, विशेषतः विरोधातलं.

करवंद

छान विषय. माझं उत्तर सरळ आहे: लोकशाही होती म्हणून. राजाच्या राज्यात हुकूम वरून येतो, प्रजेला तो माहीत असला काय, नसला काय. इथे सहा-सहा हजार माणसं निक्स टेकडीवर बसून हात वर करत होती. त्यांना आपण काय ठरवलं ते पुढे ठेवणं भागच होतं. अनेक शिळांवर 'ज्याला पाहायचं असेल त्याला पाहता यावं म्हणून' असं स्पष्ट लिहिलेलंच आहे ना?

पाटीपेन्सिल

करवंद, ते वाक्य आहे, पण पाहता येणं आणि वाचता येणं यात फरक आहे. मी या शिळा प्रत्यक्ष पाहिल्या आहेत. अक्षरं बऱ्याचदा एक सेंटिमीटरपेक्षाही लहान असतात. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं जवळपास नाहीत. पाचव्या-चौथ्या शतकातल्या अनेक शिळांवर तर प्रत्येक अक्षर वरच्या ओळीतल्या अक्षराच्या बरोबर खाली बसवलेलं असतं, आलेखाच्या कागदावर लिहावं तसं. ओळ संपली की शब्द मधेच तुटतो. देखणं दिसतं, पण वाचणाऱ्याच्या सोयीचा विचार त्यात नाही. (आज मात्र या पद्धतीमुळे फुटलेल्या शिळेवर किती अक्षरं गेली ते अभ्यासकांना मोजता येतं.) काही शिळांवर लाल रंगाचे अंश मिळाले आहेत, म्हणजे अक्षरं रंगवून उठावदार करत असावेत. तरी डोळ्यांच्या वरच्या ओळी कोण वाचणार?

शिवाय किती जणांना वाचता येत होतं? प्लुटार्कने दिलेली गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. हद्दपारीच्या मतदानाच्या दिवशी एका अडाणी शेतकऱ्याने शेजारच्या माणसाला खापरीवर 'अरिस्टायडीस' लिहून द्यायला सांगितलं, आणि तो शेजारचा माणूस म्हणजे खुद्द अरिस्टायडीस, अथेन्सचा पुढारी. गोष्ट खरी असो वा रचलेली, अशा माणसालाही मताचा हक्क होता हे तिच्यात गृहीत धरलं आहे. तेव्हा दगड केवळ माहिती देण्यासाठी होता हे मला पटत नाही.

काळापाषाण

पाटीपेन्सिल, तुमच्या मुद्द्याला मी आणखी बळ देतो. माहिती द्यायची तेव्हा अथेन्सकडे वेगळी सोय होती. अगोरात नागरिकांच्या दहा गणांच्या (विभागांच्या) वीरपुरुषांचे पुतळे एका लांब चौथऱ्यावर उभे होते. त्याच्यावर पांढरा रंग दिलेल्या लाकडी फळ्या लावत. नवा कायदा सुचवायचा असेल तर मतदानाआधी त्याचा मसुदा तिथे लागे. सैन्याच्या भरतीच्या याद्या तिथेच. काम झालं की फळी पुसायची, पुन्हा रंगवायची.

म्हणजे रोजची खबर फळीवर, मूळ प्रत दप्तरात, आणि निवडक ठराव दगडावर. प्रत्येक ठराव कोरला जात नव्हता. कोरायचा असेल तर तसा हुकूम ठरावातच असे: कोणी कोरून घ्यावा, शिळा कुठे उभारावी, पैसे कोणत्या खात्यातून. माझा प्रश्न या तिसऱ्या प्रकाराबद्दलच आहे.

पण करवंदांचं म्हणणं मी सोडून देणार नाही, कारण वाचण्यासाठीच उभारलेल्या शिळाही आहेत. १९७० मध्ये अगोराच्या उत्खननात निकोफोनचा चांदीच्या नाण्यांविषयीचा कायदा सापडला, इ.स.पू. ३७५/४ चा. बाजारात सराफांच्या मेजांमध्ये एक सरकारी नाणेपारखी बसायचा, तो स्वतः गुलाम. त्याने नाणं पारखायचं. आत तांबं किंवा शिसं निघालं तर तिथल्या तिथे ते कापायचं. त्याने खरं ठरवलेलं नाणं दुकानदाराने नाकारलं तर त्याचा त्या दिवशीचा माल जप्त. पारखी जागेवर बसला नाही तर त्याला पन्नास फटके. पायरिअस बंदरासाठी दुसरा पारखी नेमायचा, कारण तिथे परदेशी व्यापारी येत. आणि शिळा दोन: एक शहरात त्या मेजांपाशी, दुसरी पायरिअसला. वाद झाला की दोन पावलांवर कायदा. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला वाचून दाखवणारा बाजारात मिळालाच असता.

साधा_वाचक

वाचतोय, फार रंगलाय धागा. दोन प्रश्न. एक, खर्च किती यायचा? दोन, आपल्याकडे ठरावाखाली सूचक-अनुमोदक लिहितात, तसं काही तिथे असायचं का?

काळापाषाण

खर्चाचे आकडे शिळांवरच दिलेले असतात. चौथ्या शतकात साधारण २०, ३०, कधी ६० द्राख्मा. तुलनेसाठी: पाचव्या शतकाच्या अखेरीस एरेक्थेइओन मंदिराच्या हिशेबात कुशल कारागिराची दिवसाची मजुरी १ द्राख्मा दिसते, आणि नागरिक, परका रहिवासी, गुलाम तिघांनाही तोच दर. म्हणजे ३० द्राख्माची शिळा म्हणजे गवंड्याची महिन्याची कमाई. राज्याला जड नाही, पण उधळायलाही नको इतकी रक्कम.

सूचकाचं नाव तर असतंच असतं, आणि ठळक जागी. सुरुवात ठरावीक साच्याची: मंडळाने आणि लोकांनी असं ठरवलं, अमुक गणाची पाळी होती, अमुक सचिव होता, अमुक अध्यक्षस्थानी होता, अमुक म्हणाला. दुरुस्ती कोणी सुचवली तर तीही तशीच्या तशी: 'बाकी सगळं मंडळाने म्हटल्याप्रमाणे, पण...' मला हे विलक्षण वाटतं. अंतिम मजकूर साफसूफ करून छापायच्या ऐवजी चर्चेतला बदलही दगडावर ठेवला.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण पॅरिओन गावच्या फानोक्रितोसचं, इ.स.पू. ३८७/६ च्या सुमाराचं. शत्रूची जहाजं कुठून जाणार याची खबर त्याने अथेन्सच्या सेनापतींना दिली. त्यांनी विश्वास ठेवला नाही आणि जहाजं निसटली. सभेत केफालोसने दुरुस्ती मांडली: फानोक्रितोसला प्रॉक्सेनोस आणि उपकारकर्ता म्हणून शिळेवर नोंदवा, कारण त्याने खबर दिली, आणि सेनापतींनी ऐकलं असतं तर शत्रूच्या नौका हाती आल्या असत्या. हे वाक्य अ‍ॅक्रोपोलिसवर उभं राहिलं. परक्याचा सत्कार आणि आपल्याच सेनापतींची चूक, एका दगडात.

उंबरठा

इथे देवांचा उल्लेख अजून कोणी केला नाही म्हणून लिहिते. कितीतरी शिळांच्या माथ्यावर सुटं एक नाम असतं: 'देव'. अ‍ॅक्रोपोलिस ही काही कचेरी नव्हे, अथेनाचं घर आहे. तिथे ठेवलेली वस्तू तिच्या साक्षीने ठेवलेली असते.

खंडणीच्या याद्यांचं पाहा. मित्रराष्ट्रांकडून येणाऱ्या खंडणीचा साठावा हिस्सा अथेनाला अर्पण होई. इ.स.पू. ४५४/३ पासून त्याच्या याद्या कोरल्या गेल्या. पहिला दगड साडेतीन मीटरहून उंच, चारही बाजूंनी अक्षरं, त्याच्यावर पंधरा वर्षांच्या नोंदी. आणि त्यात आकडे कोणते? गावांनी दिलेली पूर्ण खंडणी नव्हे, फक्त देवीचा साठावा भाग. मूळ रकमा काढायला आजच्या अभ्यासकांना साठाने गुणावं लागतं. लोकांना राज्याचं उत्पन्न कळावं असा हेतू असता तर पूर्ण रकमा कोरल्या असत्या. तो देवीला दिलेला हिशेब होता.

काळापाषाण, तुम्ही 'सर्वांदेखत दिलेला शब्द' म्हणता. मी म्हणेन, त्या 'सर्वां'त देवही धरा. शपथ घेऊन केलेला तह देवळातच का उभारायचा, ते मग कळतं.

काळापाषाण

उंबरठाताई, अगदी मोलाची भर. थ्युसिडिडीसने इ.स.पू. ४२० चा अथेन्स, आर्गोस, मान्तिनेआ आणि एलिस यांचा तह दिला आहे. त्यात शिळा कुठे उभारायच्या ते सांगितलंय: अथेन्सला अ‍ॅक्रोपोलिसवर, आर्गोसला अगोरात अपोलोच्या देवळात, मान्तिनेआला अगोरात झ्यूसच्या देवळात, आणि सगळ्यांनी मिळून एक कांस्याची ऑलिंपियाला. अथेन्सच्या शिळेचा तुकडा नंतर सापडला, शब्दरचनेत किरकोळ फरक सोडले तर मजकूर जुळतो.

त्याच इतिहासकाराने पुढे एक प्रसंग नोंदवलाय. स्पार्टाबरोबर शांततेचा तह होता, त्याची शिळा उभी होती. ४१९/८ च्या हिवाळ्यात अल्किबियाडीसच्या सांगण्यावरून अथेन्सने त्याच शिळेच्या तळाशी एक ओळ वाढवली: स्पार्टाच्या लोकांनी शपथा पाळल्या नाहीत. शिळा पाडली नाही. पाडली असती तर तह आम्ही मोडला असा अर्थ झाला असता. मूळ शब्द जागेवर ठेवून त्याखाली दुसऱ्याचा शब्दभंग कोरला.

पाडण्याचाही नियम होता. निकोफोनच्या कायद्याच्या अखेरीस म्हटलंय, याच्या विरुद्ध जाणारा एखादा ठराव कुठल्या शिळेवर असेल तर सचिवाने ती शिळा पाडावी. दप्तरातली प्रत रद्द करा असं नाही, शिळा पाडा. इ.स.पू. ३७७ मध्ये अरिस्तोतेलेसच्या (तत्त्वज्ञ नव्हे, राजकारणी) ठरावाने अथेन्सच्या दुसऱ्या संघाच्या अटी जाहीर झाल्या. पहिल्या साम्राज्याचा अनुभव गावांना होता, विश्वास उरला नव्हता. म्हणून अटी: खंडणी नाही, गावात अथेन्सचं सैन्य नाही, कोणा अथेन्सवासीयाने मित्रांच्या मुलखात घर-जमीन घ्यायची नाही. आणि एक खास अट: संघात येणाऱ्या गावाला प्रतिकूल अशी शिळा अथेन्समध्ये असेल तर ती नष्ट करायचा अधिकार मंडळाला राहील. विश्वास परत मिळवायला जुने दगड काढावे लागतात, हे त्यांना कळत होतं. याच शिळेसाठी ६० द्राख्मा मंजूर झाले. ती मुक्तिदात्या झ्यूसच्या मूर्तीशेजारी उभी राहिली आणि जसजशी गावं आली तसतशी नावं खाली, मग बाजूवर कोरली गेली. एक नाव नंतर खरवडलेलंही आहे.

करवंद

हे वाचून अंगावर काटा आला. संघ वाढताना दगडही भरत गेला. आता तीस जणांनी शिळा का पाडल्या तेही समजतं. लोकांनी दिलेला शब्द उभा आहे तोवर लोकांची सत्ताही उभी दिसते.

दूरकिनारा

इथे थोडा विरोध नोंदवतो. 'लोकशाही म्हणून दगड' हे समीकरण मला घाईचं वाटतं. ग्रीसमध्ये दगडावर कायदा कोरण्याची रीत अथेन्सच्या लोकशाहीपेक्षा जुनी आहे. क्रीटमधल्या द्रेरोसला अपोलोच्या देवळाच्या भिंतीवरचा नियम इ.स.पू. ६५० च्या आसपासचा: एकदा 'कोस्मोस' (गावचा मुख्य अधिकारी) झालेल्या माणसाने दहा वर्षं पुन्हा ते पद घ्यायचं नाही. क्रीटमध्येच गोर्तिनला मजकुराच्या बारा रकान्यांत, सहाशेहून अधिक ओळींचा वारसा, लग्न, दत्तक, गुलाम यांचा कायदा पाचव्या शतकात कोरला. तिथे तर सत्ता उमराव घराण्यांकडे होती.

दुसरीकडे, लोकशाही असूनही दगड कमी अशीही गावं आहेत. आर्गोस घ्या. त्यांचे कमीच लेख सापडत होते, आणि मग अलीकडच्या काळात तिथे शंभराहून अधिक कांस्यपत्रे मिळाली, देवस्थानच्या पैशांच्या हिशेबांची. म्हणजे ते लिहीत होते, फक्त धातूवर. कांस्य पुढच्या पिढ्यांनी वितळवलं, संगमरवर भिंतीत चिणला गेला आणि वाचला. शिवाय अथेन्सच्या दाराशी पेंतेलिकोन आणि हिमेत्तोस हे संगमरवराचे डोंगर. आपण अथेन्सला एवढं बोलकं समजतो त्यात भूगोलाचा वाटा मोठा आहे.

काळापाषाण

दूरकिनारा, हा प्रतिसाद धाग्यात हवाच होता. द्रेरोसचा नियमच पाहा, तिथे लोकशाही नाही, पण सत्ता एका हाती राहू नये ही काळजी आहे. म्हणजे दगडाचं मूळ काम सत्ताधाऱ्याला बांधणं हेच दिसतं. स्पार्टाबद्दल प्लुटार्क सांगतो की कायदे लिहू नयेत असाच लायकर्गसचा दंडक होता.

अथेन्सच्या लोकशाहीने वेगळं काय केलं? माझ्या मते तीन गोष्टी नव्हेत, एकच: तिने कायद्यापलीकडे जाऊन रोजच्या कारभाराला दगड लावला. पार्थेनॉनच्या बांधकामाचे वार्षिक हिशेब, देवीच्या खजिन्यातल्या वस्तूंच्या याद्या, आभाराचे ठराव, सगळं. आणि जुना कायदाही नव्याने मांडला. ड्रॅकोचा मनुष्यवधाचा कायदा ४०९/८ मध्ये अगोरातल्या राजस्तोआ या सरकारी इमारतीसमोर दगडावर आला. त्या काळात कायदे तपासून लिहून काढायला नेमलेल्या निकोमाखोसवर पुढे खटला झाला. आरोप असा की चार महिन्यांचं काम त्याने सहा वर्षं लांबवलं आणि मनाला येईल ते घातलं, गाळलं. कोण लिहितो यावरही लोकांची नजर होती.

पाटीपेन्सिल

नाशिकच्या लेण्यांची आठवण इथे अस्थानी ठरणार नाही. पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापणांची कायम ठेव विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली: २००० वर दरमहा शेकडा एक, १००० वर शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याजातून भिक्षूंना चीवर वगैरे. आणि पुढे म्हटलंय की हे सगळं निगमसभेत ऐकवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकांच्या दप्तरात नोंदवलं. सभेत वाचन, फळीवर नोंद, मग दगड. शब्द देणारा राजघराण्यातला, पण साक्षीला नगराची सभा. अथेन्सशी त्याचा संबंध जोडायचा नाही, पण दप्तर असतानाही दगड का, हा प्रश्न आपल्या डोंगरातही तसाच उभा आहे.

उंबरठा

वा! हा लेख कितीदा पाहिलाय, पण निगमसभेकडे या नजरेने पाहिलं नव्हतं.

काळापाषाण, सत्कारांबद्दल आणखी लिहा. चौथ्या शतकातल्या शिळांत बहुसंख्य त्याच आहेत ना?

काळापाषाण

हो, आणि त्यात हिशेबही आहे. अनेक ठराव उघड म्हणतात: लोक उपकार फेडतात हे सगळ्यांना कळावं म्हणून. पुढच्याने पुढे यावं असा हेतू. अथेन्सला बाहेरचं धान्य लागायचं. काळ्या समुद्रावरच्या बॉस्पोरसचा राजा लेउकोन अथेन्सच्या जहाजांना निर्यातशुल्क माफ करायचा. वक्ता डेमॉस्थेनिस सांगतो त्याप्रमाणे तिथून वर्षाला सुमारे ४ लाख मेडिम्नोस (धान्याचं माप) धान्य यायचं. अथेन्सनेही त्याला करमाफी दिली आणि शिळा तीन ठिकाणी उभारल्या: बॉस्पोरसला, पायरिअसला आणि वाटेवरच्या हिएरोनला. धान्याच्या जहाजाचा पूर्ण मार्गच म्हणा ना. इ.स.पू. ३५५ च्या सुमारास लेप्तिनेसने अशा सगळ्या करमाफी रद्द करायचा कायदा आणला, तेव्हा डेमॉस्थेनिसने भर न्यायालयात त्या शिळांकडे बोट दाखवलं: तुम्ही शब्द फिरवलात तर अथेन्सची निंदा करणाऱ्यांना त्या उभ्या शिळाच पुरावा म्हणून मिळतील. सभेच्या विरुद्ध सभेचाच दगड, साक्षीदार म्हणून.

आणि ३३७/६ ची युक्रातेसची शिळा, १९५२ मध्ये अगोरात सापडलेली. आदल्या वर्षी कैरोनेआला मॅसिडोनियाने हरवलं होतं. कायदा म्हणतो, लोकांविरुद्ध उठून जुलमी सत्ता आणणाऱ्याला कोणी मारलं तर मारणारा निर्दोष; आणि लोकशाही मोडली गेली असताना आरेओपागोसच्या (त्याच नावाच्या टेकडीवर बसणाऱ्या जुन्या परिषदेच्या) सदस्यांनी टेकडीवर चढायचं नाही, बैठक घ्यायची नाही, नाहीतर नागरिकत्वाचे हक्क आणि मालमत्ता दोन्ही जाईल. वर शिल्प: लोकशाही ही स्त्री, बसलेल्या दाढीवाल्या 'लोकां'च्या डोक्यावर मुकुट ठेवते आहे. ज्याला एक अक्षर येत नाही त्यालाही ते कळावं. आणि जागा? एक शिळा आरेओपागोसच्या प्रवेशाशी, दुसरी सभेत. म्हणजे ज्या सदस्यांना इशारा द्यायचा, त्यांच्याच जाण्यायेण्याच्या वाटेवर.

साधा_वाचक

शेवटचा प्रश्न. लोकांनीच एखाद्याचा गौरव कोरला आणि पुढे तोच शत्रू झाला तर? सगळी शिळा पाडायचे?

काळापाषाण

नेहमी नाही. तिसऱ्या शतकात अथेन्सवर मॅसिडोनियाच्या अँटिगोनस घराण्याचा वरचष्मा होता. अनेक ठरावांत त्या राजांची नावं आली, आणि त्या घराण्याच्या नावाने दोन नवे गण तर त्याआधीच स्थापन झाले होते. इ.स.पू. २०० मध्ये फिलिप पाचव्याशी युद्ध पेटलं, तेव्हा त्या घराण्याचे पुतळे आणि नावं सगळीकडून काढायचा ठराव झाला, लिव्हीने तो नोंदवलाय. छिन्नी घेतलेली माणसं शहरभर फिरली असणार. आज त्या शिळांवर मजकुराच्या मधे खरवडलेले पट्टे दिसतात. राजाचं नाव गेलेलं, पण त्याच ठरावातला सूचक, सचिव, गण, सत्कार झालेला माणूस जागच्या जागी. लोकांनी इतरांना दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही. माझ्या लेखी युरिपिलोसने भरलेल्या पैशांइतकाच हा भक्कम पुरावा आहे.

दूरकिनारा

मान्य. आर्गोसच्या कांस्यपत्र्यांवर वेगळा धागा काढतो, तिथे देवस्थानच्या पैशांचे व्यवहार बारकाईने आलेत.

करवंद

लवकर काढा. वाट पाहतेय.